देखरेखीच्या स्क्रिप्ट्स : आवृत्ती बदलल्यानंतरचा दोषशोध

एखाद्या नेटवर्कवरील यंत्रे, त्यांच्यामधील जोडण्या आणि साठवणीची जागा यथास्थित आहेत किंवा नाहीत, हे दर काही मिनिटांनी पाहून त्याचा निर्वाळा देण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी माणसाकडे राहिलेले नाही. ते लहान लहान स्क्रिप्ट्सकडे सोपविलेले असते. (‘स्क्रिप्ट’ म्हटले की भाषेच्या अभ्यासकास प्रथम लिपी आठवते, येथे यंत्राने ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांचा लेख एवढाच त्याचा अर्थ आहे.) अशी स्क्रिप्ट वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. मग एके दिवशी सर्व्हरवरील कार्यप्रणाली नव्या आवृत्तीवर नेली जाते, आणि दुसऱ्या दिवशी देखरेखीच्या फलकावर एक तर लाल खुणांची झुंबड उडते, किंवा सर्व काही पूर्ववत हिरवे दिसते. पहिली अवस्था त्रासाची, दुसरी धोक्याची. ती धोक्याची का, आणि तिचा उलगडा कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. तथापि थोडे खोलात गेल्यास असे दिसते की, देखरेखीची स्क्रिप्ट ही मुख्यतः एक वाचक असते. दुसऱ्या प्रोग्रामने लिहिलेला मजकूर ती वाचते, त्यातून एखादा शब्द किंवा आकडा उचलते आणि त्यावरून निर्णय देते. मात्र माणूस वाचतो तो अर्थाच्या आधाराने. स्क्रिप्टला अर्थ ठाऊक नसतो, केवळ रूप ठाऊक असते. रूप बदलले आणि अर्थ तोच राहिला, तर माणसाचे काही अडत नाही, स्क्रिप्टचे सर्वच अडते. रूप तेच राहिले आणि अर्थ बदलला, तर स्क्रिप्टला त्याचा पत्ताही लागत नाही. आवृत्ती बदलल्यानंतर उघडकीस येणारे पुष्कळसे दोष या दोन जातींचे असतात. पाठभेदांशी ज्यांचा नित्याचा परिचय आहे, त्यांना हा प्रांत अगदीच परका वाटू नये.

एक उदाहरण मनाशी धरणे सोयीचे होईल. एखाद्या भाषाविभागाकडे बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका सर्व्हरवर आहे आणि दर रात्री त्याची प्रत दुसऱ्या इमारतीतील साठवण-यंत्रावर उतरविली जाते, असे समजावे. देखरेख तीन गोष्टींवर आहे : दोन इमारतींमधील जोडणी जिवंत आहे ना, तिच्यावरून जाणारी पॅकेट्स सदोष होत नाहीत ना, आणि साठवण-यंत्रावर जागा शिल्लक आहे ना. नव्वद वर्षांच्या निवेदकाचे ध्वनिमुद्रण पुन्हा करता येईलच असे नसते. मूळ चकती बिघडली आणि प्रत तीन महिन्यांपूर्वीच उतरावयाची थांबली होती असे त्या दिवशी कळले, तर जे गेले ते गेले.

या प्रकारच्या देखरेखीचा सर्वपरिचित प्रोग्राम म्हणजे नेगिऑस. एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली तो ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केला. २००२ पासून तो नेगिऑस या नावाने ओळखला जातो. त्याची रचना साधी आहे. प्रत्यक्ष तपासणी स्क्रिप्टने करावयाची आणि शेवटी दोन गोष्टी मागे ठेवावयाच्या : एक अंक व एक वाक्य. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावधान, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे स्थिती अज्ञात. अंक यंत्रासाठी असतो, वाक्य माणसासाठी. निर्णय केवळ अंकावर होतो. ‘सर्व नष्ट झाले’ असे वाक्य लिहून स्क्रिप्टने ० हा अंक ठेवला, तर फलकावर हिरवी खूण उमटते. ही व्यवस्था चांगली आहे, कारण यंत्राने काय वाचावयाचे आणि माणसाने काय वाचावयाचे याची तीत स्पष्ट फारकत आहे. दुर्दैव असे की, खुद्द स्क्रिप्ट ज्या मजकुरावर अवलंबून असते, त्यात ही फारकत बहुधा नसते.

त्याचे कारण ऐतिहासिक आहे. युनिक्स या कार्यप्रणालीत १९७३ साली ‘पाइप’ची सोय झाली. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्प्सन यांनी ती करून दिली, आणि एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडी सरळ देता येऊ लागले. दोहोंमधून वाहणारी वस्तू म्हणजे साधा मजकूर. या सोयीने युनिक्सला असाधारण लवचिकपणा आला हे खरेच. परंतु माणसाने पाहावे म्हणून मांडलेला मजकूर यंत्राने वाचण्याची सवयही त्याच वाटेने रूढ झाली. मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामला आपला वाचक कोण, हे माहीत नसते. त्याने उद्या शब्दांची मांडणी अधिक देखणी केली, तर त्याच्या दृष्टीने ती सुधारणाच असते.

‘इफकॉन्फिग’ या आज्ञेचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून ही आज्ञा प्रचारात आहे आणि यंत्राच्या नेटवर्क-जोडणीची माहिती ती छापते. लिनक्सवर तिचे आउटपुट दीर्घकाळ एका ठरावीक साच्याचे होते. यंत्राच्या पत्त्यापूर्वी ‘इनेट ॲडर:’ अशी अक्षरे येत, आणि आलेल्या पॅकेट्सचा हिशेब एकाच ओळीत ‘आरएक्स पॅकेट्स:५२०१० एरर्स:३७ ड्रॉप्ड:०’ असा विसर्गचिन्हांनी जोडलेला असे. पुढे या साधनसंचाच्या नव्या आवृत्तीत मांडणी बदलली. ‘इनेट ॲडर:’ च्या जागी नुसते ‘इनेट’ आले. पॅकेट्सची संख्या एका ओळीत व सदोष पॅकेट्सची संख्या दुसऱ्या ओळीत गेली. विसर्गचिन्हे गळाली आणि त्यांच्या जागी मोकळी जागा आली. माहितीत काडीचाही फरक नाही. २०१४ सालचे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ किंवा २०१७ सालचे डेबियन ९ ज्यांनी आपल्या यंत्रांवर चढविले, त्यांच्यापुढे हा बदल येऊन उभा राहिला. डेबियन ९ मध्ये तर ही आज्ञा मूळ संचातूनच वगळलेली होती. ती हवी असल्यास वेगळी बसवावी लागे.

आता उदाहरणातील दुसरी तपासणी पाहावी. ‘एरर्स:’ ही अक्षरे शोधून त्यांच्या लगत असलेला आकडा उचलावयाचा, तो २० पेक्षा मोठा असल्यास ‘गंभीर’ म्हणावयाचे, नाही तर ‘ठीक’ म्हणावयाचे, अशी ती स्क्रिप्ट आहे. नव्या आउटपुटात ‘एरर्स:’ कोठेच नाही. स्क्रिप्टच्या हाती आकड्याऐवजी रिकामी जागा येते. ‘रिकामी जागा २० पेक्षा मोठी आहे काय?’ हा प्रश्नच अर्थशून्य आहे, आणि शेल तसे सांगतोही. एक तक्रारीची ओळ तो चुकांसाठी राखून ठेवलेल्या वाटेने बाहेर टाकतो. परंतु अट सिद्ध झाली नाही एवढेच पुढच्या ओळीला कळते. अट खोटी ठरली की अट विचारताच आली नाही, हा भेद ‘नाही तर’ या शब्दांत मावत नाही. स्क्रिप्ट ‘नाही तर’ च्या शाखेत शिरते, ‘ठीक’ असे लिहिते आणि ० हा अंक ठेवून निघून जाते. दोन इमारतींमधील केबल कुजत जाते, सदोष पॅकेट्स पुन्हा पुन्हा पाठविण्यात रात्र सरते, प्रत उतरावयाचे काम सकाळपर्यंत संपत नाही. फलक हिरवाच राहतो.

हस्तलिखितात त्रुटित स्थळ आढळले असता तेथे जागा मोकळी सोडणारा लेखनिक आणि आपल्या पदरची ओळ घालून पाठ सलग करणारा लेखनिक, यांपैकी संपादकाला अधिक छळतो तो दुसरा. वरील स्क्रिप्ट ही या दुसऱ्या जातीची आहे. तिने त्रुटी लपविली, एवढाच तिचा गुन्हा; पण देखरेखीच्या कामात याहून मोठा गुन्हा संभवत नाही. हाती आलेला मजकूर अपेक्षित साच्याचा नसेल, तर ३ हा अंक, म्हणजे ‘स्थिती अज्ञात’ हे उत्तर देणे हाच एक प्रामाणिक मार्ग आहे. नेगिऑसच्या संकेतात त्यासाठी स्वतंत्र अंक राखलेला असूनही तो वापरण्याचा कंटाळा केला जातो, हे आश्चर्य होय.

याच आवृत्तीबदलात आणखी एक भर पडली. नेटवर्क-जोडण्यांना पूर्वी ‘इथ०’, ‘इथ१’ अशी नावे मिळत. यंत्र सुरू होताना ज्या क्रमाने त्या सापडत, त्या क्रमाने ती दिली जात आणि म्हणून कधी कधी आपसांत बदलतही. सिस्टमडी या व्यवस्थेच्या जानेवारी २०१३ मधील १९७ व्या आवृत्तीपासून जोडणी यंत्रात कोठे बसविली आहे यावरून ‘ईएनपी३एस०’ यांसारखी नावे देण्याची पद्धत आली. पद्धत अधिक तर्कशुद्ध आहे यात शंका नाही. परंतु ज्या स्क्रिप्टच्या पोटात ‘इथ०’ हे नाव कोरलेले आहे, ती आता अस्तित्वात नसलेल्या जोडणीची विचारपूस करीत राहते. येथे सुदैवाने ‘अशी जोडणी नाही’ असे उत्तर येते. ते उत्तर चुकांच्या वाटेने येत असल्यामुळे आणि ती वाट स्क्रिप्टच्या कर्त्याने बहुधा बुजवून टाकलेली असल्यामुळे, ते कोणाच्या कानी पडत नाही ही गोष्ट वेगळी.

नावासंबंधीचा याहून सूक्ष्म दोष स्विच व राउटर या यंत्रांच्या बाबतीत आढळतो. एसएनएमपी या पद्धतीने त्यांच्याकडून माहिती मागविताना प्रत्येक जोडणीस एक अनुक्रमांक असतो. त्यास ‘इफइंडेक्स’ म्हणतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, विशेषतः त्यातील प्रणाली बदलल्यावर, हे अनुक्रमांक तेच राहतील अशी सर्वत्र हमी नसते. काही यंत्रांवर ते कायम राखण्याची सोय असते, पण ती सांगून सुरू करावी लागते. ‘दहाव्या क्रमांकाची जोडणी’ हे व्यक्तिनाम नव्हे. ‘रांगेत दहावा उभा असलेला’ असे ते वर्णन आहे, आणि रांग बदलली की त्याचा निर्देश बदलतो. कालपर्यंत दहावी जोडणी साठवण-यंत्राकडे जाणारी होती; आज ती वाचनालयाकडे जाणारी आहे. आकडे येतात, साच्यात चपखल बसतात, आलेखही व्यवस्थित निघतो. फक्त तो दुसऱ्याच वाटेचा असतो. येथे रिकामी जागा नाही, तक्रारीची ओळ नाही, काहीच नाही. उपाय मात्र सोपा आहे : प्रत्येक तपासणीच्या आरंभी जोडणीचे नाव, किंवा व्यवस्थापकाने तिला दिलेले ‘इफएलियस’ हे वर्णन विचारावे आणि त्यावरून त्या दिवसाचा अनुक्रमांक काढावा. क्रमांक साठवून ठेवू नये.

हाताने चालविल्यास स्क्रिप्ट बिनचूक उत्तर देते आणि नेमलेल्या वेळी आपोआप चालते तेव्हा चुकते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे कारण पुष्कळदा परिस्थितीत असते. ‘क्रॉन’ हा ठरावीक वेळी कामे सुरू करणारा प्रोग्राम स्क्रिप्टला जी परिस्थिती पुरवितो, ती माणसाच्या परिस्थितीहून फार तोकडी असते. आज्ञा कोठे कोठे शोधावयाच्या याची यादी दोन जागांपुरती असते आणि भाषासंकेतही बहुधा वेगळे असतात. भाषासंकेताचा परिणाम किती दूर पोहोचतो, याचे नमुनेदार उदाहरण ‘अपटाइम’ ही आज्ञा देते. यंत्रावरील कामाचा सरासरी भार ती तीन आकड्यांत सांगते व त्यांच्यामध्ये स्वल्पविराम घालते. दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरण्याचा जर्मन संकेत यंत्रावर लागू असेल, तर ‘०,४२, ०,३८, ०,३१’ असे आउटपुट अनेक लिनक्स यंत्रांवर निघत असे. माणूस जागा पाहून ते नीट वाचतो. स्वल्पविरामावर तुकडे पाडणारी स्क्रिप्ट पहिला आकडा ० असा वाचते आणि यंत्र निवांत असल्याचा निर्वाळा देते.

मराठीशीही याचा संबंध येतो. लिनक्सवर मराठी भाषासंकेत निवडल्यास ‘डेट’ ही आज्ञा महिन्याचे नाव मराठीत देते, आणि नोंदवहीतील तारखा इंग्रजी नावांनी शोधणारी स्क्रिप्ट हात हलवीत परत येते. डेबियनवर तर एसएसएच या मार्गाने दूरच्या यंत्रावर प्रवेश करणाऱ्याचे भाषासंकेत त्याच्याबरोबरच तेथे जातात. म्हणून एकच स्क्रिप्ट, एकच यंत्र, पण मराठी संकेत घेऊन आलेल्या अध्यापकाला एक उत्तर आणि क्रॉनला दुसरे, असा प्रकार घडतो. यावरील रूढ उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत ‘एलसी_ऑल=सी’ अशी घोषणा करून सर्व स्थानिक संकेत बाजूस ठेवणे. माणसासाठी असलेला मजकूर मराठीत असावा हा आग्रह योग्यच आहे. परंतु यंत्राने यंत्रासाठी काढलेल्या मजकुरावर तो लादण्यात भाषेचे हित नाही.

पायथन या भाषेतील स्थित्यंतराने या विषयात स्वतंत्र प्रकरण निर्माण केले. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. मधल्या अकरा वर्षांत कित्येक स्क्रिप्ट्स जुन्या भाषेतच राहिल्या आणि कार्यप्रणालीच्या एखाद्या आवृत्तीबरोबर एकदम नव्या भाषेच्या हाती पडल्या. या दोन भाषांतील मुख्य भेद अक्षर व बाइट यांच्या संबंधाचा आहे. पायथन २ मध्ये बाहेरच्या आज्ञेचे आउटपुट आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलेला शब्द या एकाच जातीच्या वस्तू होत्या. पायथन ३ मध्ये बाहेरून येतात ते बाइट्स, आणि कोणत्या संकेताने ते वाचावयाचे हे सांगितल्यावरच त्यांचा मजकूर होतो. देवनागरीत काम करणाऱ्यांना या भेदाचे मोल पटवून द्यावयास नको. एक ‘क्षि’ म्हणजे किती बाइट्स, या प्रश्नाने ज्यांची रात्र गेली आहे त्यांना तो आपोआप पटतो. परंतु जुन्या स्क्रिप्टला तो ठाऊक नाही. आउटपुट ‘अप’ या शब्दाबरोबर आहे काय, असे ती विचारते; बाइट्स आणि मजकूर कधीच समान नसल्यामुळे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि येथेही कोणती तक्रार उमटत नाही. चालू असलेले यंत्र बंद म्हणून जाहीर होते. हा दोष गोंगाट करणारा असल्यामुळे लवकर सापडतो.

न सापडणारा दोष याच्या उलट दिशेने येतो, आणि त्याकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. उदाहरणातील तिसरी तपासणी, म्हणजे साठवण-यंत्रावरील शिल्लक जागेची, पायथन २ मध्ये लिहिलेली आहे. दूरच्या यंत्राकडून ‘९’ असे उत्तर येते. ते १० पेक्षा कमी असल्यास इशारा द्यावयाचा आहे. परंतु आलेले ‘९’ हे अक्षर आहे, संख्या नव्हे, आणि कर्त्याने त्याचे संख्येत रूपांतर केलेले नाही. पायथन २ या विजातीय तुलनेस हरकत घेत नसे. त्याच्या रूढ अंमलबजावणीत कोणतीही संख्या कोणत्याही अक्षरमालेपेक्षा लहान मानली जाई. म्हणजे ‘९’ असो की ‘०’ असो, ते १० पेक्षा लहान आहे काय, याचे उत्तर सदैव ‘नाही’. ही स्क्रिप्ट ज्या दिवशी लिहिली गेली त्या दिवसापासून तिने एकदाही इशारा दिला नसता, जागा पूर्णपणे संपली असती तरीही. पायथन ३ अशी तुलना नाकारते आणि स्क्रिप्ट तेथेच कोसळते.

आता दोष कोणाचा? आवृत्तीबदलापूर्वी फलक हिरवा होता आणि नंतर तो बिघडला, म्हणून सर्व जण आवृत्तीबदलास दोष देतात; जुनी आवृत्ती परत आणा, अशी मागणी होते. ती मान्य केल्यास फलक पुन्हा हिरवा होईल आणि पहारा पूर्वीप्रमाणेच झोपी जाईल. वास्तविक नव्या आवृत्तीने काहीच मोडलेले नाही. पहारेकरी मुळातच आंधळा होता, हे तिने दाखवून दिले. म्हणून ‘कालपर्यंत चालत होते’ हे विधान दोषशोधकाने पुरावा म्हणून स्वीकारू नये. कालपर्यंत तक्रार नव्हती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

या कोसळण्यात एक संकेतशास्त्रीय गंमतही आहे. न हाताळलेल्या चुकीमुळे थांबलेला पायथनचा प्रोग्राम आपल्यामागे १ हा अंक ठेवतो. पायथनच्या बाजूने त्याचा अर्थ ‘मी कोसळलो’ असा आहे. नेगिऑसच्या संकेतात १ म्हणजे ‘सावधान’. एकच चिन्ह, दोन संकेतव्यवस्था. फलकावर पिवळी खूण उमटते आणि पाहणारा समजतो की जागा थोडी कमी झाली असावी, सोमवारी पाहू.

पहिल्या तपासणीची, म्हणजे जोडणी जिवंत आहे किंवा नाही याची, कथाही अशीच आहे. ‘पिंग’ ही आज्ञा दूरच्या यंत्राकडे काही पॅकेट्स पाठविते आणि किती परत आली नाहीत त्याचे प्रमाण ‘०% पॅकेट लॉस’ असे छापते. ही अक्षरे सापडली की सर्व ठीक, असे मानणाऱ्या स्क्रिप्ट्स सर्रास आढळतात. परंतु ‘१००% पॅकेट लॉस’ या अक्षरमालेच्या पोटातही ‘०% पॅकेट लॉस’ ही अक्षरमाला आहेच. पूर्ण मेलेल्या जोडणीस ही स्क्रिप्ट पूर्ण निरोगी ठरविते. शब्दाची सीमा कोठे, हे न सांगता शब्द शोधला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. दुसऱ्या काही स्क्रिप्ट्स शेवटची ‘आरटीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधतात. बीएसडी किंवा बिझीबॉक्स या परंपरेतील पिंग त्याच जागी ‘राउंड-ट्रिप’ असे लिहिते, म्हणून यंत्र बदलले की त्या मुक्या होतात. शिवाय लिनक्सवरील पिंगच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे प्रमाण अपूर्णांकात येऊ शकते. तीनपैकी एक पॅकेट हरवले तर पूर्वी ‘३३%’ असे येई, आता ‘३३.३३३३%’ असे येते. शेलची साधी तुलना पूर्णांकापलीकडे जात नाही. ती तक्रार करते, अट असिद्ध राहते आणि पुन्हा ‘नाही तर’ ची शाखा. ० आणि १०० हे आकडे पूर्वीसारखेच छापले जातात, ही यातील खरी मेख आहे. जोडणी पूर्ण तोडून स्क्रिप्टची परीक्षा घेतली, तर ती उत्तीर्ण होते. अर्धवट बिघाडात मात्र नापास होते.

इतर कारणांचा उल्लेख धावता केला तरी पुरे. ओपनएसएसएच या प्रोग्रामच्या सप्टेंबर २०२१ मधील ८.८ या आवृत्तीने जुन्या ‘एसएसएच-आरएसए’ पद्धतीच्या सह्या मूळ मांडणीत नाकारल्या. जुन्या स्विचवर प्रवेश करून माहिती आणणाऱ्या स्क्रिप्ट्स त्यामुळे दारातच अडल्या. ऑक्टोबर २०२४ मधील पायथन ३.१३ मधून ‘टेलनेटलिब’ हा भाग काढून टाकला गेला. ग्रेपच्या सप्टेंबर २०२२ मधील ३.८ या आवृत्तीपासून ‘इग्रेप’ ही आज्ञा, आपण कालबाह्य आहोत असे चुकांच्या वाटेने सांगू लागली. दोन्ही वाटा एकत्र करून वाचणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आकड्याऐवजी हे निवेदन येऊन बसले. हे दोष गोंगाटाचे आहेत, आणि संदेश शांतपणे वाचला तर कारण त्यातच लिहिलेले असते.

दोषशोधाच्या कामात पहिला मोह दुरुस्तीचा होतो. तो आवरावा. आधी जे आहे ते जसेच्या तसे नोंदवून घ्यावे : स्क्रिप्ट ज्या वापरकर्त्याच्या नावाने एरवी चालते त्याच्याच नावाने आणि त्याच तोकड्या परिस्थितीत ती चालवावी; तिचे आउटपुट, तिची चुकांच्या वाटेने आलेली ओळ आणि तिने मागे ठेवलेला अंक या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या टिपाव्यात. मग स्क्रिप्टला बाजूस ठेवून ती ज्या आज्ञेवर अवलंबून आहे, त्या आज्ञेचे कच्चे आउटपुट घ्यावे. जुन्या आवृत्तीचे एखादे यंत्र अजून शिल्लक असेल, तर त्यावरचेही घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेल्या व १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामात हस्तलिखितांचे पाठ कोष्टकांच्या कागदांवर अक्षराखाली अक्षर असे उतरवून घेत. येथे करावयाचे ते याहून निराळे नाही, फक्त श्रम फार थोडे. १९७४ च्या सुमारास युनिक्समध्ये आलेली ‘डिफ’ ही आज्ञा दोन पाठांतील भेद क्षणात दाखविते. मोकळ्या जागांचे भेद डोळ्यांना दिसत नाहीत, ते डिफला दिसतात. आणि पुष्कळदा सारा बिघाड तेवढ्यातच असतो.

भेद सापडल्यावर स्क्रिप्टमधील नमुना नव्या साच्याप्रमाणे बदलणे ही सर्वांत सोपी दुरुस्ती. तीच सर्वांत अल्पायुषीही होय. त्यापेक्षा माणसासाठी लिहिलेला मजकूर वाचणेच टाळता येईल काय, हे पाहावे. सदोष पॅकेट्सची संख्या लिनक्समध्ये ‘/सिस/क्लास/नेट’ या शाखेखाली प्रत्येक जोडणीच्या नावे स्वतंत्र फाइलीत असते. फाइलीत फक्त एक आकडा, मागेपुढे शब्द नाही. इफकॉन्फिगच्या जागी आलेली ‘आयपी’ ही आज्ञा सांगितल्यास जेसन या यंत्रवाच्य साच्यात उत्तर देते. पिंगच्या बाबतीत तर मजकूर न वाचता तिने मागे ठेवलेला अंक पाहिला, तरी जिवंत-मृताचा निर्णय होतो. जेसनने सर्व प्रश्न सुटतात असा काहींचा समज आहे, तो भाबडा आहे. साचा टिकला तरी साच्यातील शब्दाचा अर्थ बदलू शकतो, आणि इफइंडेक्सचा दोष कोणत्याही साच्याने टळणारा नाही.

दुरुस्तीनंतर फलक हिरवा झाला म्हणजे काम संपले असे नाही, कारण तो बिघाडापूर्वीही हिरवाच होता. स्क्रिप्ट ज्या संकटासाठी ठेवली आहे, ते संकट तिच्यापुढे मुद्दाम उभे करावे लागते. शिल्लक जागेची मर्यादा क्षणभर १० ऐवजी प्रत्यक्ष शिल्लक असलेल्या जागेहून मोठी करावी आणि इशारा येतो काय ते पाहावे. आज्ञेच्या जागी रिकामे आउटपुट देणारी खोटी आज्ञा ठेवावी. उत्तर ३ यावयास हवे, ० आल्यास काम पुन्हा आरंभापासून. केबल काढून पाहावी. पण तेवढ्यावर न थांबता लिनक्समधील ‘नेटेम’ या सोयीने दर शंभरांतील तीसएक पॅकेट्स गहाळ होतील अशी तजवीज करून अर्धवट बिघाडही घडवून पाहावा. रात्रीची प्रत उतरत नसेल अशी वेळ यासाठी निवडावी, आणि परीक्षा संपताच नेटेमचा नियम काढून टाकण्यास विसरू नये. तो तसाच राहिल्यामुळे पुढे दोन दिवस जोडणीचा दोष शोधीत बसण्याची पाळी येऊ शकते.

ज्या आउटपुटावर स्क्रिप्ट बेतली आहे त्याचा एक नमुना, आज्ञेच्या आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालून, स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवावा. पुढील आवृत्तीबदलाच्या वेळी जुने यंत्र बहुधा मोडीत निघालेले असते आणि तुलनेसाठी तेवढा एकच पाठ हाती राहतो.